काठीची कुंची

गोल्फ मी कधी खेळलो नाही, आणि या वयात आता खेळेन असेही नाही. पण गोल्फ खेळणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या पिशवीकडेच माझे लक्ष अधिक जाते. त्या उंच पिशवीच्या तोंडातून कधी वाघ डोकावत असतो, कधी अस्वल, कधी पिवळे बदक. पोक्त, गंभीर चेहऱ्याची माणसे कोसभर चालत जातात आणि त्यांच्या मागून पाळण्यातली ही मंडळी डुलत डुलत निघालेली असतात! मोठ्यांच्या खेळात ही लहानांची खेळणी शिरली कशी, याचे मला फार दिवस नवल वाटत होते.

त्याचे कारण अगदी साधे आहे. एका खेळाडूला पिशवीत चौदापर्यंत काठ्या ठेवता येतात. त्यातल्या बहुतेकांची डोकी लोखंडी पात्यांसारखी असतात. तीनचार मात्र जाड, गोल डोक्याच्या, चेंडू लांब धाडण्यासाठी. ही जाड डोकी पूर्वी पर्सिमन नावाच्या झाडाच्या लाकडाची करीत. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले. लाकूड म्हटले की पाण्याने फुगणार आणि शेजारच्या लोखंडाने त्याचे टवके उडणार. म्हणून घरोघरच्या बायका लोकरीची टोपडी विणून देऊ लागल्या. वर एक गोंडा, आणि काठी एक नंबरची की तीन की पाच, हे कळावे म्हणून आकडा किंवा तितके पट्टे. 1979 नंतर लाकडाच्या जागी धातूची डोकी आली आणि ती इतकी फुगत गेली की शेवटी 460 घन सेंटीमीटरची मर्यादा नियमात घालावी लागली. अंग धातूचे झाले तरी या काठ्यांना अजून लाकडेच म्हणतात. टोपडीही टिकून राहिली.

दुकानात ती हवी तशी मिळतात. तरीही ती घरी करणारे लोक आहेत, आणि त्यांची रीत मोठी गमतीची आहे. फुटबॉल खेळणाऱ्याचा गुडघ्यापर्यंत येणारा एक जाड मोजा घ्यायचा, बहुधा जोडीदार हरवलेला. त्याची बोटांकडची बाजू काठीच्या डोक्यावर आणि बाकीचा मोजा दांड्यावर ओढायचा, म्हणजे दांड्यालाही शेजारच्या लोखंडाचा मार लागत नाही. त्यावर घालायला मुलांचे जुने कापडी खेळणे शोधायचे. त्याच्या पोटाखालची शिवण उसवायची, आतला कापूस काढायचा, चेहऱ्यातला मात्र तसाच ठेवायचा, आणि मोजा अस्तर म्हणून आत शिवून टाकायचा. मानेशी थोडे इलॅस्टिक. झाले!

हे सारे पाहिल्यावर कोणतीही मराठी बाई म्हणेल, “अहो, ही तर कुंची!” आणि ते खरेच आहे. डोके झाकून मानेवरून पाठीवर उतरणारी कुंची आपल्याकडे तान्ह्या बाळाला घालतात. माझी आई ती जुन्या लुगड्याची शिवी. शंभर वेळा धुतलेल्या कापडाइतके मऊ नवे कापड कधी नसते, असे ती म्हणे.

पण या निरुपद्रवी उद्योगात एक नैतिक प्रश्न दडून बसला आहे. तो मला दिसला तो मुलीच्या घरी. ती स्कॉटलंडमध्ये असते. मी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा जावईबापूंच्या वाढदिवसासाठी तिने असे एक टोपडे करायला घेतले. माझ्या नातीचा एक कापडी हत्ती कपाटात पडून होता. नात दहा वर्षांची. दोन वर्षांत तिने हत्तीला हातही लावला नव्हता. मुलगी कात्री घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, नाहीतरी तो धूळच खातो आहे.”

युक्तिवाद बिनतोड होता. निरुपयोगी वस्तू उपयोगी पडत होती आणि कापसाला काही वेदना होत नाहीत. तरीही मला वाटले, थांबावे. का वाटले?

हत्तीचे काही बिघडणार नव्हते, हे मला ठाऊक होते. पण त्या मुलीच्या तापाच्या रात्री, शाळेच्या पहिल्या दिवसाची तिची भीती, आईवर रुसून घालवलेल्या दुपारी, हे सारे त्या हत्तीपाशी ठेवलेले होते. ठेव ज्याची असते त्याला न विचारता ती मोडता येत नाही. दुकानात पैसे बापाने मोजले, हे खरे. पण हत्ती झिजवला मुलीने. पैशाने विकत घेतलेली मालकी आणि झिजवून मिळवलेली मालकी, यांत दुसरी मला थोर वाटते. दुर्दैवाने तिची पावती कुणी फाडत नाही, म्हणून ती सहज विसरली जाते, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हटकून.

मग काय, प्रत्येक जुनी वस्तू पेटीत जपून ठेवायची? तेही मला पटत नाही. पेटीत ठेवलेले लुगडे कसरीच्या पोटात जाते. कुंची झालेले लुगडे बाळाच्या डोक्यावर जाते. प्रेमाच्या वस्तूला पुन्हा काम मिळावे, यात तिचा मानच आहे. मात्र आईच्या काटकसरीचे मी उगाच काव्य करणार नाही. नवे कापड आणायला घरात पैसा नव्हता, म्हणून ती लुगडे फाडी. पण ती फाडी ते स्वतःचे लुगडे! इथेच सारा फरक आहे. आपले कापून दुसऱ्याला दिले तर ते देणे होते. दुसऱ्याचे कापले, तर कितीही चांगल्या कामासाठी कापले तरी ते घेणेच असते.

या जगात बहुधा सर्वांत प्रसिद्ध टोपडे टायगर वुड्सचे. 1997 साली त्याने मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांनी जिंकली, तो हा खेळाडू. त्याच्या पिशवीतला वाघ विकतचाच. पण त्यावर त्याच्या आईने, कुल्टिडाने, आपल्या थाई भाषेत ‘आईकडून प्रेम’ अशा अर्थाचे शब्द भरले होते. ही आई फेब्रुवारी 2025 मध्ये निवर्तली. वाघ कुणालाही विकत घेता येईल. ते चार टाके कुठल्या दुकानात मिळणार? आपले म्हणून जे त्यात घालता येत होते, तेच तिने घातले.

आमच्या घरी शेवटी नातीला विचारले. मुलीने तिला खरे तेही सांगितले. काठी काढताना लोक टोपडे गवतावर टाकतात आणि पुष्कळदा विसरून पुढे जातात. तेव्हा हत्ती हरवूही शकेल. नात दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच हत्ती घेऊन आली आणि अटी सांगू लागली. डोक्यातला कापूस काढायचा नाही. त्याला सर्वांत मोठी काठी द्यायची. पावसात भिजला की काढून वाळवायचा. आणि रात्री गाडीच्या डिकीत ठेवायचे नाही. मग पोटाखालची शिवण तिने स्वतः उसवली. मधे एकदा डोळे पुसले, पण कात्री आईच्या हाती दिली नाही.

ती ‘नाही’ म्हणाली असती तर? तर जावईबापूंच्या काठीला नुसता मोजा मिळाला असता, आणि काठीचे त्याने काहीच अडले नसते. ‘नाही’ ऐकून घ्यायची आपली तयारी नसेल, तर विचारण्याला तरी काय अर्थ?

दिवाळीच्या आधी घरोघर माळे झाडले जातात. एका डोळ्याचे अस्वल, कान तुटलेला ससा, चाके गेलेला घोडा खाली येतात आणि ‘हे द्या टाकून’ किंवा ‘हे द्या कुणाला तरी’ अशी वाटणी आपण मोठी माणसे भराभर करून टाकतो. द्यायला हरकत नाही, द्यावेच. पण ज्याने ते झिजवले त्याला आधी हाक मारावी. तो कदाचित शाळेत असेल, कदाचित परगावी नोकरीला. टेलिफोन तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. बहुतेक वेळा तो ‘द्या’ असेच म्हणेल. पण ते देणे मग त्याचे असेल.