गाडी विकताना किती सांगावे?

३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २००३ च्या ऑक्टोबरात, आणि मुंबईत टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा. तेव्हा हे होणारच होते. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, पुष्कळांनी आठवणी लिहिल्या. आमच्या घरीही त्या दिवशी जेवताना दुसरा विषय निघाला नाही, कारण आमची पहिली गाडी पद्मिनीच होती. मुले तिच्या शिंगासारख्या मागच्या पंखांविषयी बोलत होती. आमच्या डोळ्यांपुढे मात्र गाडीऐवजी एक वही येत होती.

१९८९ साली आम्ही ती गाडी वांद्र्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडून अडतीस हजार रुपयांना घेतली. त्यांनी आम्हांला आधी चहा दिला, मग बॉनेट उघडले आणि स्वतःच्या मालाची निंदा सुरू केली. “घाटात तापते. इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकल्याशिवाय पुढे जात नाही. दुसरा गिअर मधूनच सुटतो. डाव्या दाराखालचा पत्रा आतून गंजला आहे; वरून रंग आहे म्हणून तुम्हांला दिसणार नाही.” आम्ही गोंधळलो. विकणारा असे बोलताना आम्ही आजवर ऐकला नव्हता. शेवटी त्यांनी कप्प्यातून दोनशे पानी वही काढून आमच्या हाती दिली. तेल कधी बदलले, पॉइंट आणि प्लग कधी, क्लच प्लेट कधी. किती किलोमीटरला, किती रुपयांत. मध्ये शाई बदलली होती, अक्षर तेच होते.

ती वही आम्ही पुढे चालू ठेवली. पद्मिनीने आम्हांला पुष्कळ दिले. पुढचे सलग बाक आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, त्यामुळे पुढे तिघे सहज बसत. फेब्रुवारीत बाळ येशूच्या सणाला नाशिकला जाताना कसाऱ्याचा घाट आला, की पत्नी पाण्याची बाटली आणि फडके हाती घेऊनच बसे. शेजाऱ्यांची बाळंतीण, आळीतली नवरी, रात्री अपरात्री दम लागलेले एक आजोबा, सर्वांना तिने पोचवले. तिच्या दोषांनी आम्हांला कधी फसवले नाही, कारण ते आम्हांला आधीच ठाऊक होते. वसईची खारी हवा पत्रा खाते. दर पावसाळ्यानंतर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे एक फेरी ठरलेली. मिस्त्री म्हणे, “सर, हिच्यावर खर्च करता त्यात नवी येईल.” हिशेब केला असता तर कदाचित त्याचे खरे ठरले असते.

१९९९ मध्ये आम्ही नवी मारुती ८०० घेतली. ही गाडी गुणी. अकरा वर्षांत तिने एकदाही रस्त्यात उभे केले नाही. म्हणूनच की काय, वही मागे पडली. विम्याचा हप्ता, पीयूसी, टायर, बॅटरी हा खर्च होत राहिला, पण लिहिला गेला नाही. शेवटच्या वर्षी सकाळी थंड इंजिन सुरू केले, की मागून निळा धूर येऊ लागला. इंजिन तापले, की धूर थांबे. मिस्त्रीने ऐकताच सांगितले, “व्हॉल्व्हचे सील गेले आहेत, तेल जळते आहे. आज चालेल, पण पुढे खोलावे लागेल.”

आम्ही खोलले नाही. गाडी विकायला काढली. विजेची कामे करणारा शेजारच्या गावचा एक तरुण सकाळी दहा वाजता बघायला येणार होता. साडेनऊला आम्ही गाडी काढून बाजारात एक चक्कर मारून आलो. वाचकहो, त्या दिवशी बाजारात आमचे काही काम नव्हते. तरुण आला, त्याने किल्ली फिरवली, इंजिन शहाण्या मुलासारखे सुरू झाले. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. “सरांची गाडी आहे, बघायचे काय?” असे तो बरोबरच्या मित्राला म्हणाला. आम्ही एक शब्दही खोटा बोललो नाही.

दोन वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात तो भेटला. तक्रार नव्हती, सहज बोलता बोलता म्हणाला, “सर, इंजिन खोलावे लागले. अठरा हजार गेले. तुमच्याकडे होती तोवर ठीक होती ना?” आम्ही म्हणालो, “हो. पण तिचे वयही झाले होते.” वाजंत्री सुरू झाली आणि आम्ही सुटलो. दोन वर्षे गप्प राहून जे टाळले होते ते खोटे असे एका क्षणात बोलून बसलो.

आता प्रश्न असा, की आमचा अपराध त्या मांडवात घडला की सकाळच्या त्या चकरेत? न बोलणे म्हणजे खोटे बोलणे आहे काय? हा प्रश्न मोटारींहून फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमच्या सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी ग्रंथ लिहिला. त्यात अलेक्झांड्रियाहून दुष्काळग्रस्त ऱ्होड्सला धान्य घेऊन आलेला व्यापारी आहे. मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत हे त्याला माहीत आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? तिथेच घर विकणाराही आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजले आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात, आणि हे त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपाटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट. सिसेरोचा कौल अँटिपाटरच्या बाजूने पडतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. आम्हांला विशेष वाटते ते त्यांनी तो कुठे हाताळला याचे. ‘सुम्मा’मध्ये असत्याचे प्रकरण वेगळे आहे, विक्रीतील दोष लपवण्याचा विचार त्यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीच्या प्रकरणात, न्यायाच्या भागात, केला आहे. म्हणजे प्रश्न जिभेचा कमी आणि दुसऱ्याच्या खिशाचा व जिवाचा अधिक. ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आज्ञेतून आम्ही गप्प राहून सुटलो, तरी ‘चोरी करू नको’ ही दारात उभीच राहते.

त्यांचा निकाल व्यवहाराला धरून आहे. दोष उघड दिसणारा असेल, समजा घोडा एकाक्ष असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर बोलून दाखवण्याचे बंधन नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यातून नुकसान वा धोका संभवत असेल, तर सांगितलेच पाहिजे. लंगडा घोडा वेगवान म्हणून किंवा पडके घर भक्कम म्हणून विकता येत नाही. मग दवंडी पिटावी काय? तर तेही नको. दवंडीने दोष तेवढाच कानी जातो, गुण कळत नाहीत, आणि ज्याच्या उपयोगी ती वस्तू पडली असती तोही फिरकत नाही. जो विकत घ्यायला दारी येतो, त्याला एकट्याला सांगावे; गुणदोष पारखून त्याने ठरवावे. वांद्र्याच्या त्या गृहस्थांनी हा ग्रंथ वाचला असेल असे वाटत नाही, पण चहा देऊन बॉनेट उघडताना त्यांनी नेमके हेच केले. आणि धान्याच्या व्यापाऱ्याच्या बाबतीत संत थॉमस सिसेरोपेक्षा सौम्य आहेत: त्याने सांगितले तर ते अधिक गुणाचे, पण न्यायाने तो बांधलेला नाही. त्यांना संतांचे नव्हे, साध्या माणसाचे कर्तव्य सांगायचे होते, म्हणून तर आमची अडचण वाढते. आमचा निळा धूर एकाक्ष घोड्यासारखा उघड नव्हता, आणि जो थोडाफार उघड झाला असता तो आम्ही बाजारात जाऊन झाकून आलो होतो.

आपला १९३० चा मालविक्रीचा कायदा साधारणपणे ‘घेणाऱ्याने सावध राहावे’ या तत्त्वावर चालतो; त्याला अपवाद आहेत, पण पायंडा तोच. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही असे असले, की घेणारा प्रत्येक गाडीला खराब धरून भाव पाडतो; मग चांगल्या गाडीचा मालक ती विकायलाच काढत नाही, आणि बाजारात रद्दी उरते. त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या तरुणाने मात्र भाव पाडला नव्हता. ‘सरांची गाडी’ म्हणून त्याने जे चार पैसे अधिक दिले, ते वर्गात खडू झिजवून मिळवलेल्या विश्वासाचे होते. तो विश्वास आम्ही गाडीबरोबर विकला.

पुढे पापनिवेदनाच्या वेळी हे सांगितले तेव्हा फादरांनी एकच विचारले, “पैसे दिलेत का?” पाकीट घेऊन आम्ही गेलो, तर तो कुवेतला गेला होता. पैसे त्याच्या आईच्या हाती दिले. कशाचे, हे नीट सांगितले नाही. “जुना हिशेब होता” म्हणालो. असो.

यानंतरची गाडी २०११ ची. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरले, ते आमच्या अंगणात सीटच्या उंचीपर्यंत चढले. इंजिन सुरू करायचा मोह आम्ही टाळला, कारण आत पाणी ओढले गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून नेली. विम्याने निम्म्याहून अधिक खर्च दिला. आसने, गालिचे वाळले, गाडी पूर्वीसारखी धावू लागली. पण वायरिंगचे जोड हळूहळू हिरवे पडतात, आणि एअरबॅगचे नियंत्रण करणारी पेटी बहुधा खाली, दोन आसनांच्या मधल्या भागात असते. पाणी शिरल्यावर ती ऐनवेळी काम करील याची खात्री मिस्त्रीने दिली नाही. हा अठरा हजारांचा प्रश्न राहिला नव्हता.

पुढच्या वर्षी गाडी विकायला काढली तेव्हा मुलीची फी भरायची होती. पहिला आला त्याला सर्व सांगितले. तो चहाही न घेता गेला. दुसऱ्याने पाऊण लाख पाडून मागितली. तिसऱ्याला आईला डायलिसिसला न्यायला गाडी हवी होती. त्याला सांगताना आमचा आवाज जरा खाली गेला हे कबूल करतो. तोही गेला, पण जाताना आभार मानून गेला. पत्नी म्हणाली, “तुम्ही सांगता ते बरोबर आहे. पण सांगायला बसल्यासारखे सांगता. गुणही सांगा की.” ती संत थॉमसांच्या फार जवळ होती. आम्ही आता खरेपणाचा वचपा काढत होतो, आणि त्याचे बिल मुलीच्या नावावर फाडत होतो.

अखेर जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा एक दलाल आला. त्याला पाण्याचे सांगितले, तो हसून म्हणाला, “सर, त्या साली सगळ्याच बुडाल्या.” भाव त्याने बरा दिला. घेणाऱ्याला आम्ही सांगितले होते. मग कर्तव्य संपले काय? हा घेणारा गाडीत बसणारा नव्हता. ज्याच्यापुढे ती एअरबॅग उघडायची, तो माणूस पुढे कुठेतरी होता, आणि त्याला दलाल काय सांगणार हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. दवंडी नको हे खरे, पण ज्याला एकट्याला सांगायचे तो समोर नसेल तर?

आम्ही त्या रात्री बसून पुन्हा एक वही केली. पावसाची तारीख, पाणी किती चढले, काय बदलले, काय बदलले नाही, सारे लिहून ती कप्प्यात ठेवली. सकाळी दलालाने फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, किल्ली घेतली, सवयीने कप्पा उघडून पाहिला. वही काढली, दोन पाने चाळली आणि खिडकीतून आमच्या हाती परत दिली. “ही तुमच्याकडेच राहू द्या, सर.” आम्ही ती घेतली. पैसे खिशात होते. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत आम्ही हात वर करून तिला थांबवू शकलो असतो.