भिंतीवरील डाग कोणी पाहावेत?



जुन्या करारातील लेवीय हे पुस्तक आपण सहसा उघडत नाही. यज्ञविधी, शुद्ध-अशुद्ध आणि त्वचारोग यांचे नियम वाचताना मन रमत नाही, हे खरे. पण त्याच्या चौदाव्या अध्यायाच्या उत्तरार्धात घराच्या भिंतीवर उमटणाऱ्या हिरवट आणि तांबूस डागांविषयी नियम आहेत. ज्याचे घर असेल त्याने याजकाकडे येऊन तसे कळवावे. याजकाने प्रथम घर रिकामे करण्यास सांगावे, म्हणजे पुढे घर अशुद्ध ठरले तरी कुटुंबाचे सामानसुमान वाचेल. मग त्याने स्वतः आत जाऊन भिंत पाहावी. घर सात दिवस बंद ठेवून सातव्या दिवशी पुन्हा यावे. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकावेत, भिंती खरवडून नवा गिलावा करावा. एवढे करूनही डाग परत आला तर घर पाडून टाकावे.

हा अध्याय आठवण्याचे कारण इंग्लंडमधील एक नियम. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक घरांना, म्हणजे नगरपरिषदांनी आणि नफा न घेणाऱ्या गृहसंस्थांनी कमी भाड्याने दिलेल्या घरांना तो लागू झाला. घरातील धोका तातडीचा असेल तर मालक संस्थेने २४ तासांत तो पाहून दूर करायचा. ओल आणि बुरशी यांचा गंभीर धोका कळल्यास कामाच्या १० दिवसांत तपासणी करायची आणि त्यानंतर ५ दिवसांत घर सुरक्षित करायचे. ते जमत नसेल तर कुटुंबाची दुसरीकडे सोय करायची. या नियमाला लोक ‘अवाबचा कायदा’ म्हणतात. अवाब हा सुदानहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा. रॉचडेल शहरातील एका लहानशा फ्लॅटमध्ये तो राहत होता. २१ डिसेंबर २०२० रोजी, दुसरा वाढदिवस होऊन काही दिवस झाले असताना, तो गेला. घरातील बुरशीत दीर्घकाळ श्वास घेतल्याने त्याच्या श्वसनमार्गाला झालेल्या विकाराने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. वडिलांनी पहिली तक्रार २०१७ मध्ये, मुलाच्या जन्माच्याही आधी केली होती. डागांवर रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले होते.

संस्थेची समजूत अशी होती, की बुरशी या कुटुंबाच्या राहणीमानामुळे येते. त्यांच्या आंघोळीच्या पद्धतीवरही ठपका ठेवला गेला. आमच्या मते या प्रकरणातील खरे नैतिक दुखणे इथे आहे. लेवीयमधील याजक घरात शिरतो तो भिंत पाहायला. घरात किती माणसे राहतात, कपडे कुठे वाळत घालता, असे तो विचारत नाही. रॉचडेलमध्ये भिंत दिसण्याआधी माणूस दिसला, आणि माणसाचा निवाडा झाल्यावर भिंत पाहण्याची गरजच उरली नाही.

आता प्रश्न असा, की यावर शासनाची देखरेख नव्हती काय? होती, पण हात बांधलेली. इंग्लंडमध्ये नगरपरिषदांनी मोठ्या प्रमाणावर घरे बांधण्यास १९१९ च्या कायद्याने सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना राहण्याजोगी घरे देण्याचे आश्वासन त्यामागे होते. १९८० नंतर यातील लाखो घरे भाडेकरूंनाच सवलतीने विकली गेली, अनेक गृहसंस्थांकडे सोपवली गेली. आज दोहोंची मिळून सुमारे ४० लाख घरे आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवणारी नियामक यंत्रणा आहे. परंतु २०१२ पासून तिच्यावर अट आली, की भाडेकरूंचे गंभीर नुकसान होत असल्याचे दिसत असेल तरच तिने घरांच्या दर्जात लक्ष घालावे. एरवी स्थानिक पातळीवर भागवावे. भाडेकरूला तक्रार निवारकाकडे जायचे तरी आधी नगरसेवक, खासदार किंवा भाडेकरूंची समिती यांच्यामार्फत जावे, नाहीतर काही आठवडे थांबावे, अशी रचना होती.

हा विचार वरवर पाहता आपल्या चर्चच्या शिकवणीसारखा वाटतो. परमगुरू अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये सांगितलेले तत्त्व सामाजिक शिकवणीच्या वर्गात प्रत्येक सेमिनारियनला घोकावे लागते: खालच्या, छोट्या समूहाला जे करता येते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये. मग लंडनच्या सरकारने रॉचडेलच्या भिंतीत नाक का खुपसावे? पण त्या तत्त्वाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे आणि ती सोयीस्करपणे गाळली जाते. वरच्या सत्तेने खालच्याला आधार द्यायचा असतो, त्याच्यापासून दूर व्हायचे नसते. शिवाय येथे सर्वात खालचा समूह कोणता? नगरपरिषद नव्हे, गृहसंस्थाही नव्हे. ते कुटुंब. त्याला स्वतःचे घर स्वतः दुरुस्त करता येत नाही, दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही. त्याला संस्थेच्या मर्जीवर सोडून दिले तर त्याचे स्वातंत्र्य वाढत नाही, मालकाचे तेवढे वाढते.

तक्रार आली तरच पाहायचे, ही पद्धत नुसती अपुरी नाही, अन्यायाची आहे, असे आम्हाला वाटते. तक्रार करायला भाषा लागते, वेळ लागतो, घर जाईल ही भीती मनात असून चालत नाही. या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे सर्वात कमी, त्याचेच घर बहुधा सर्वात वाईट. लूकलिखित शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाझरस यांचा दाखला पाहा. संपूर्ण दाखल्यात लाझरसच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याने अर्ज केला नव्हता, दार ठोठावले नव्हते. श्रीमंताने त्याला मारझोड केली असेही प्रभू येशू सांगत नाही. तो दारातच पडलेला होता आणि पाहिला गेला नाही, एवढेच. संत थॉमस अक्वायनस निष्काळजीपणाची चर्चा विवेक या सद्गुणाच्या विरोधी दोषांत करतात, ती यासाठीच: न पाहणे हाही इच्छेचाच दोष असू शकतो. आपण मिस्साच्या आरंभी कर्तव्यातील उणिवांबद्दलही क्षमा मागतो, तेव्हा याच जातीच्या पापाबद्दल बोलत असतो.

२०२३ च्या कायद्याने ती अट काढून टाकली. १ एप्रिल २०२४ पासून हजार किंवा त्याहून अधिक घरे असलेल्या संस्थांची सुमारे चार वर्षांतून एकदा तपासणी होते, बोलावणे येण्याची वाट न पाहता, आणि चार श्रेणींत त्यांना गुण दिले जातात. आपल्याकडून नियम मोडला गेल्याचे कित्येक नगरपरिषदांनी आपण होऊन नियामकाला कळवले. लेवीय पुन्हा वाचताना आम्हाला तेथे काही नवे दिसले. डागाची खबर देण्याचे काम शास्त्र घराच्या मालकावर टाकते. मालक नगरपरिषद असेल, तर खबर तिनेच द्यायला हवी.

मात्र मालकानेच स्वतःचा याजक होऊ नये. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागून ७२ जण मेले. इमारत नगरपरिषदेची होती. नव्या ज्वलनशील आवरणासह तिच्या नूतनीकरणाला बांधकाम नियमांच्या दृष्टीने मान्यता देणारा विभागही त्याच नगरपरिषदेचा होता. आगीच्या धोक्याविषयी रहिवाशांनी आधी लिहून ठेवले होते. इमारत सांभाळणारी संस्था त्यांतील काहींना उपद्रवी मानत होती, असे चौकशीच्या सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालात आहे.

हा दोष एका देशाचा नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावला कोसळलेली इमारत मुंबई महानगरपालिकेचीच होती, तिच्यात पालिकेचेच कर्मचारी कुटुंबांसह राहत होते. ६१ जण गेले. खासगी इमारतींना धोकादायक म्हणून नोटीस लावणारी पालिका येथे स्वतः मालक होती.

तपासणीविरुद्ध एक आक्षेप प्रामाणिक आहे. तपासणीला पैसा लागतो आणि तो दुरुस्तीच्याच पैशातून जातो. इंग्लंडच्या सरकारने २०१६ पासून चार वर्षे या घरांची भाडी दरवर्षी एक टक्क्याने कमी करायला लावली. भाडेकरूंना ते बरेच वाटले असेल, पण छपरे आणि नळ दुरुस्त करण्याची रक्कमही त्यातूनच यायची होती. तेव्हा गुण देणाऱ्या सरकारचीही कोणीतरी तपासणी करायला हवी. असे म्हणून आम्ही आक्षेपाचे वजन मान्य करतो, तरी निष्कर्ष बदलत नाही. बुरशीला अंदाजपत्रक कळत नाही.

हे सर्व या पत्रकात का, असे कोणी विचारील. आपल्यापैकी पुष्कळ जण मालक आहेत. वाडीत बांधलेल्या चार खोल्या आपण भाड्याने देतो, बहुधा दूरच्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांना. पावसाळ्यात भिंत काळी पडली की आपल्या तोंडी वाक्य तयार असते: ‘ते लोक राहतातच तसे.’ पत्रा गळतो काय, मोरीचे पाणी भिंतीत मुरते काय, ते नंतर. अकरा महिन्यांचा करार संपत आलेला भाडेकरू तक्रार करत नाही, यावरून घर ठीक आहे असे ठरत नाही. धर्मग्रामही मालक आहे. चर्चच्या जागेत काही कुटुंबे जुन्या भाड्याने राहतात.

म्हणून धर्मग्रामाच्या अर्थसमितीशी बोलून असे ठरवले आहे, की येत्या पावसाआधी चर्चच्या सर्व खोल्या पाहायच्या. समितीतील दोन सभासद आणि आम्ही जाऊच, पण अहवाल लिहिण्यासाठी धर्मग्रामाबाहेरचा एक अभियंता सोबत घेऊ. तो अहवाल भाडेकरूंना आधी वाचायला मिळेल, मग समितीला. वस्तू हलवाव्या लागतील त्या कुटुंबांना आठ दिवस आधी कळवू. सामान ठेवण्यासाठी शाळेच्या सभागृहामागील खोली रिकामी करून ठेवली आहे.