न लिहिलेले वाक्य

समजा, स्पर्धा परीक्षेत असे विधान आले: ‘राज्यातील सारस कमी होत आहेत, म्हणून अभयारण्यांचे क्षेत्र वाढवावे.’ यामागचे गृहीतक कोणते? ‘दुर्मीळ पक्ष्यांमुळे पर्यटन वाढते’ या पर्यायावर पुष्कळ मुले खूण करतील. पर्याय खोटा नाही. पण विधान त्याच्यावर उभे नाही. ते उभे आहे एका न लिहिलेल्या वाक्यावर: सारस अभयारण्यात राहतो.

गोंदियातल्या धानउत्पादकाला हे वाक्य लगेच खटकेल. महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरला आहे आणि नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल शेजारी असूनही तो पावसाळ्यात घरटे बांधतो ते धानाच्या बांधीत, तलावाच्या काठावर. माणसाच्या उंचीचा हा पक्षी शेतकऱ्याच्या भरवशावर अंडी घालतो. जंगलाची हद्द कितीही पुढे सरकवली, तरी बांधीतली अंडी शेतकऱ्यानेच जपायची आहेत.

गृहीतक ओळखण्याची कसोटी साधी आहे. पर्यायात ‘नाही’ घालून पाहावे. ‘पर्यटन वाढत नाही’ म्हटले तरी मागणी तशीच राहते. ‘सारस अभयारण्यात राहत नाही’ म्हटले, की ती कोसळते.

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून सीसॅटचा पेपर आहे आणि त्यातल्या उताऱ्यांवर गृहीतकांचे प्रश्न येतात. २०१५ पासून त्यात ३३ टक्के गुण पुरेसे ठरले, तशी ही कसरत ‘उरकून टाकायची’ झाली. हे नुकसानीचे आहे, कारण असे प्रश्न परीक्षेबाहेरही सुटायचे राहतात.

मामा तलावांचेच पाहा. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि गावोगावचे माजी मालगुजारी तलाव सरकारकडे गेले. मालकी बदलली की देखभालही आपोआप नव्या मालकाकडे जाते, हे त्यात गृहीत होते. गाळ कोण काढणार, पाळ कोण दुरुस्त करणार, पाण्याची पाळी कोण ठरवणार? जुनी व्यवस्था मोडली, नवी नीट बसली नाही आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले.

गोंदिया, आमगाव, देवरीच्या अभ्यासिकांत शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा छापील प्रश्नसंच बाजूला ठेवा, आपल्याच ग्रामसभेचा एखादा ठराव फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा: यात कोणते वाक्य लिहायचे राहिले आहे?