टंचाई, मालकी आणि कल्पनेतले समाज

गरजा अमाप आणि साधने मोजकी, या ओढाताणीत माणूस निवड कशी करतो याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र, अशी मांडणी लायनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली केली. पाठ्यपुस्तकांनी ती उचलून धरली. पण टंचाई, मालकी आणि नफ्याची ओढ निसर्गदत्त आहे की माणसानेच रूढ केलेली, हा तात्त्विक प्रश्न तसाच राहिला. अख्ख्या समाजातून पैसा काढून घेऊन पुढे काय होते ते पाहणे अर्थतज्ज्ञाला शक्य नसते. विज्ञानकथा मात्र असे एखादे गृहीतक बाजूला ठेवते आणि उरलेल्या जगात माणसे कशी वागतील ते दाखवते.

एडवर्ड बेलामी यांच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’ (१८८८) या कादंबरीचा नायक २००० सालच्या बॉस्टनमध्ये जागा होतो. तिथे प्रत्येकाला राष्ट्रीय उत्पन्नाचा सारखा वाटा मिळतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी कामातून सुटका होते. या कादंबरीच्या प्रभावाने तिच्या विचारांचा प्रसार करणारी अनेक मंडळे अमेरिकेत निघाली. पण कादंबरीतल्या या जगात हितसंबंधांची टक्कर जवळजवळ नाहीच, त्यामुळे विचार कसाला लागत नाही.

उर्सुला ले ग्विन यांनी ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) या कादंबरीत ती कसोटी लावली. अनारेस या रखरखीत ग्रहावर पैसा नाही, खासगी मालकी नाही, सरकार नाही. कामे वाटून घेतली जातात आणि जेवण सामाईक भोजनगृहात होते. तरीही सत्ता उगवतेच. भौतिकशास्त्रज्ञ शेवेकचे संशोधन छापले जायचे तर वरिष्ठ साबुलची मर्जी सांभाळावी लागते, आणि साबुल त्यावर आपलेही नाव घालतो. दुष्काळात कोणाचे रेशन कापायचे याच्या याद्या करण्याचे काम शेवेकच्या वाट्याला येते आणि तो ते सोडून देतो. पैसा गेला तरी प्रतिष्ठा, ओळखीपाळखी आणि लोकमताचा धाक यांचे चलन चालूच राहते. अपरिग्रहाचा विचार करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट अस्वस्थ करील: वस्तूंचा मोह सोडता येतो, वर्चस्वाचा सोडणे फार कठीण. कादंबरी हा पुरावा नव्हे, पात्रे लेखिकेचीच आहेत. पण नेमके काय विचारायला हवे, हे ती दाखवते.

कथेची ही ताकद वेळेच्या बाबतीत आणखी ठळक दिसते. भविष्यातले नुकसान आजच्या हिशेबात दरवर्षी ठरावीक दराने घटवत न्यायचे, ही रूढ पद्धत आहे. दर ५ टक्के धरला तर शंभर वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत रुपयाहूनही कमी भरते. पुढे मिळणारे सुख केवळ पुढचे म्हणून कमी लेखणे नीतीला धरून नाही, ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येते, असे फ्रँक रॅमसे यांनी १९२८ मध्येच म्हटले होते. या दुबळेपणावर कथा हा एक इलाज ठरू शकतो. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (२०२०) ही कादंबरी उत्तर प्रदेशातल्या भीषण उष्णतेच्या लाटेने सुरू होते आणि अजून न जन्मलेल्यांची बाजू मांडणारी एक यंत्रणा उभी करते. कार्बन जमिनीतच राहू देणाऱ्याला मध्यवर्ती बँकांनी नवे चलन द्यावे, असा या यंत्रणेचा प्रस्ताव असतो. बँका आधी तो धुडकावतात, कारण त्यांच्या मते पैशाचे मूल्य स्थिर राखणे एवढेच त्यांचे काम. चलन कशाच्या मोबदल्यात निर्माण व्हावे हा तांत्रिक नव्हे तर नैतिक निर्णय आहे, हे त्या नकारातूनच उघडे पडते.