ओझे कोणाचे?

आपले ओझे दुसऱ्याच्या पाठीवर द्यावे की नाही, हा प्रश्न तसा रोजचा. स्टेशनवर हमाल बोलावताना, घर बदलताना, बाजारातून धान्याची गोणी आणताना तो समोर येतो आणि भाव ठरला की निघून जातो. आमच्यापुढे मात्र तो एकदा येऊन बसला, तो अजून उठलेला नाही. त्या वेळी आम्ही नेपाळात, समुद्रसपाटीपासून जवळजवळ पाच हजार मीटर उंचीवर होतो. ओझे पोटापाण्याचे नव्हते, हौसेचे होते.

आम्ही कॉटन ग्रीनचे. हार्बर मार्गावरचे हे स्टेशन बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. नावात ग्रीन आहे म्हणून हिरवळ शोधू नये. ती कुलाब्याची, तिथल्या मोकळ्या जागेत एकेकाळी कापसाचा बाजार भरे. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर भर घालून जमीन तयार केली, गोदामे उभी राहिली, बाजार इकडे आला आणि येताना आपले नावही घेऊन आला. कॉटन एक्स्चेंजची भारदस्त इमारत अजून उभी आहे. गिरणगाव कापसावर जगला हे खरे, पण तो कापूस गोदामात चढवणारी आणि गोदामातून उतरवणारी माणसे त्या गोष्टीत क्वचितच येतात.

आमचे अब्बा त्यांतले एक. १९६२ साली सातारा जिल्ह्यातून आले आणि गावच्याच एका मुकादमाच्या टोळीत लागले. रुईची गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास. ती एकट्याने उचलायची नसते. टोळीने ढकलायची, उलटायची, थप्पीला लावायची. धान्याची गोणी मात्र एकट्याची, आणि ती तेव्हा शंभर किलोची असे. डोक्यावरून पाठीवर गोणपाटाची खोळ घेऊन अब्बा फळीवरून चढत. त्यांच्या मानेच्या मागे कातडी इतकी जाड झाली होती की लहानपणी आम्ही तिथे चिमटा काढायचो आणि त्यांना कळायचे नाही.

अब्बा एक हकीकत नेहमी सांगत. १९६६ साली थप्पीवरून गाठ घसरून टोळीतल्या एकाच्या पायावर आली. व्यापारी म्हणाला, हा माझा माणूस नाही, मी मुकादमाशी बोललो होतो. मुकादम म्हणाला, माझाही नाही, मी फक्त माणसे गोळा करतो. शेवटी कोणीतरी दहा रुपये हातावर ठेवले आणि त्याला गावी जाणाऱ्या एसटीत एकट्याला बसवून दिले. पुढे त्याचा पाय कापावा लागला. तीन वर्षांनी, १९६९ साली, माथाडी कायदा आला. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी केलेली चळवळ आमच्या भागात अजून आठवली जाते. त्या कायद्याने मंडळे नेमली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे द्यायचे. हमाल कोणाचा, या वादात न पडता कायद्याने माल कोणाचा, एवढे विचारले. त्याच मंडळाच्या पगारावर आम्ही दोघे भाऊ शिकलो आणि दोघेही खुर्चीवर बसून करायच्या नोकरीला लागलो.

नोकरी लागली तशी डोंगराची हौस लागली. चाळीतले दोन मित्र आणि आम्ही दोघे, असे चौघे शनिवारी रात्री कुर्ल्याहून कसाऱ्याची नाहीतर कर्जतची शेवटची गाडी पकडायचो. राजमाची, रतनगड, हरिश्चंद्रगड झाले. नियम एकच होता, आपली सॅक आपण उचलायची. कोणी दमला तर थांबायचे, पण सॅक दुसऱ्याला द्यायची नाही. हमालांची मुले असल्यामुळे या नियमाचा आम्हांला थोडा गर्वही होता.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत जायचे ठरले. परदेशवारी म्हणावी तर पासपोर्टवर शिक्का नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीला सीमा, तिथून बसने काठमांडू आणि पुढे छोट्या विमानाने लुकला. लुकला साधारण २८५० मीटरवर, बेस कॅम्प ५३६४ मीटरवर. जाऊन येऊन बारा-तेरा दिवसांची चाल. काठमांडूच्या एजन्सीवाल्याने सांगितले, एक वाटाड्या आणि दोन हमाल घ्या, एका हमालाला दोन सॅका. विरळ हवेत ओझे घेऊन चालणे वेगळे असते, असे तो म्हणाला. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि लगेच हो म्हटले. हरिश्चंद्रगडावरचा नियम बहुधा सीमेवरच राहिला होता.

दोघांतला मोठा चाळिशीचा, त्याला आम्ही ‘दाई’ म्हणू लागलो. धाकटा एकोणीस-वीस वर्षांचा, त्याला ‘भाई’. दोघेही शेरपा नव्हते. खालच्या टेकड्यांतले शेतकरी, मका-कोदो काढून झाला की हंगामापुरते वर येणारे. आमच्यासारख्यांचा एक गैरसमज असतो की पहाडी माणसाला उंचीचे काही वाटत नाही. हजार-दीड हजार मीटरवर राहणाऱ्याला पाच हजार मीटरवर जे होते ते मुंबईकराला होते तेच.

दोन सॅका दोरीने एकत्र बांधायच्या, खालून पट्टा घेऊन तो कपाळावर अडकवायचा. या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. ओझे पाठीवर, पण भार मानेवर. दमले की टी आकाराची आखूड काठी मागे ओझ्याखाली टेकवायची आणि उभ्यानेच श्वास घ्यायचा. वाटेत गावोगावी दगडी चौथरे होते, ओझे न उतरवता टेकता येईल अशा उंचीचे. आमच्या तीस किलोंना त्या वाटेवर कोणी ओझेच म्हणत नव्हते. तांदूळ, रॉकेल, प्लायवूड, बिअरची खोकी घेऊन नामचे बाजारकडे जाणारी माणसे आमच्या पुढे-मागे होती. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या वाटेवरच्या हमालांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पुरुषांच्या पाठीवर सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझे आढळले, बायकांच्या पाठीवर ६६ टक्के. हा अभ्यास आम्ही नंतर वाचला. तेव्हा फक्त त्यांची पावले पाहिली. थोडे चालायचे, बराच वेळ थांबायचे, पुन्हा थोडे चालायचे. अब्बा फळीवर असेच चढत.

सकाळी निघताना भाई ओझ्याला पाठ लावून बसे, पट्टा कपाळावर घेई आणि उठताना आमच्याकडे पाही. आम्ही मागून हात लावायचो. गोदामातली ही रोजची हाक, ‘हात लाव रे’. लहानपणी मशिदीतल्या मौलवीसाहेबांनीही शिकवले होते की हाताखालच्या माणसाला झेपणार नाही असे काम सांगू नये आणि सांगितलेच तर स्वतः हात लावावा. आम्ही रोज सकाळी हात लावत होतो, त्यामुळे आपण त्या शिकवणीत बसतो असे आम्हांला वाटत होते.

रात्री आम्ही भाड्याच्या पिसांच्या जाकिटात, लॉजच्या खोलीत झोपायचो. ते दोघे जेवणाच्या हॉलमध्ये, सगळ्यांचे जेवण आटोपल्यावर बाकांवर. भाईच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. हे आम्ही पाहिले होते, त्यावर बोललोही होतो. नामचेत बूट विकत मिळत होते.

आठव्या दिवशी लोबुचेला पोचलो, ४९४० मीटर. संध्याकाळी भाई जेवला नाही. डोके दुखते म्हणाला. रात्री ओकला. सकाळी अंगणात चालताना त्याचा तोल जात होता, दारू प्यायलेल्या माणसासारखा. तोल जाणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते आणि त्याला पहिले औषध म्हणजे खाली उतरणे, हे आमच्याजवळच्या माहितीपत्रकात छापलेले होते. ते आम्ही स्वतःसाठी पाठ केले होते.

वाटाड्या म्हणाला, त्याला खाली पाठवू, फेरिचेला दवाखाना आहे, अर्ध्या दिवसाची उतरण आहे, जाईल. बरोबर कोण, असे आमच्यातल्या एकाने विचारले. वाटाड्या आम्हांला सोडून जाऊ शकत नव्हता. दाई जाऊ शकत होता, पण मग चारही सॅका आमच्याकडे आल्या असत्या आणि आम्ही बेस कॅम्पला पोचलो असतो की नाही कोण जाणे. आमच्या चौघांपैकी एकजण जाऊ शकत होता. हे शेवटचे वाक्य त्या सकाळी कोणीच उच्चारले नाही. आम्ही भाईला ठरलेली मजुरी दिली, वर दोन हजार नेपाळी रुपये दिले, डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. त्याने हात जोडले. वळणापर्यंत तो दिसत होता.

दाईने दोन सॅका घेतल्या, उरलेल्या दोन आम्ही चौघांनी आळीपाळीने. चढ होता, दम लागत होता, पण त्या उचलता येत होत्या.

बेस कॅम्पला पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थरवरून एव्हरेस्टवर पडलेले पहिले ऊन पाहिले. ते दृश्य सुंदर होते, आणि हे कबूल न करणे ढोंग होईल. तासाभराने आम्ही खाली निघालो, तेव्हा चौघांपैकी कोणी बोलत नव्हते.

फेरिचेच्या लॉजवाल्या दिदीने सांगितले की भाई पोचला होता. थुक्लाच्या उतारावर तो दगडाला टेकून बसलेला एका हमालाला सापडला. ओळखीचा ना पाळखीचा तो माणूस रिकामा डोको घेऊन खाली जात होता. त्याने त्याला खांद्याला धरून आणले, दवाखान्यात नेले, रात्रभर थांबला. दोन दिवसांनी भाई आपल्या पायांनी खाली गेला. तेवढे कळले, पुढचे नाही.

घरी आल्यावर वाचले की १९९७ साली नेपाळात एक तरुण हमाल असाच आजारी पडला होता, त्यालाही पैसे चुकते करून एकट्याला खाली पाठवले होते आणि तीसेक तासांत तो मेला. त्यानंतर हमालांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. त्याच्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की आजारी हमालाला कधीही एकटे खाली पाठवू नये. त्याची भाषा आणि त्याचा आजार जाणणारे माणूस बरोबर द्यावे. म्हणजे आम्ही केलेली गोष्ट इतकी नेहमीची होती की तिच्याविरुद्ध नियम लिहावा लागला.

यावर मित्रमंडळींत पुष्कळ वाद झाले. एकाचे म्हणणे, हमाल लावलाच नसता तर प्रश्नच नव्हता. हे आम्हांला पटत नाही. लुकलाच्या वर तेव्हा गाडीरस्ता नव्हता, पाठीवरच्या कामावर तिथली घरे चालत होती. उद्या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या गोण्या स्वतः उचलायचे ठरवले असते तर आम्ही शिकलो नसतो. आपली सॅक आपण, हा नियम अंगाला व्यायाम देतो, मनाला थोडी शेखीही देतो, दाईच्या घरी मात्र काही देत नाही.

दुसऱ्याचे म्हणणे, तो स्वखुशीने आला होता, ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, हिशेब पुरा झाला. १९६६ सालचा तो माणूसही स्वखुशीनेच टोळीत आला होता. गरजेपोटी दिलेल्या होकाराला किती अर्थ द्यायचा, हा एक भाग. दुसरा भाग असा की भाव वजनाचा ठरला होता, दोन सॅकांचा. लोबुचेची रात्र त्या भावात नव्हती. वजन ठरवून देता येते, घेता येते. पण तो त्या उंचीवर ज्यांच्या हौसेपायी आला होता, ते आम्ही होतो. ती हौस सॅकेत बांधून त्याच्या कपाळाला अडकवता येत नव्हती. कुरआनात आपापल्या ओझ्याचा उल्लेख येतो तो हिशेबाच्या दिवसाच्या संदर्भात. लहानपणी ते ऐकताना आम्हांला गोदामातल्या गोण्याच दिसायच्या.

वाटाड्यावर दोष टाकण्याचा मोहही झाला. अनुभवी तो, निर्णय त्याचा. पण मग व्यापाऱ्याने मुकादमाकडे बोट दाखवले होते, त्याहून हे वेगळे कसे? आम्ही पैसे देणारे होतो. आम्ही एक शब्द बोललो असतो तर दाई खाली गेला असता.

परतल्यावर दुसऱ्या रविवारी अब्बांना फोटो दाखवले. ते तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते, गुडघ्यांमुळे जिना उतरत नसत. डोंगर भराभर पुढे जाऊ देत होते. एका फोटोवर थांबले. आम्ही चौघे हसत उभे, मागे आमच्या दोन सॅकांखाली वाकलेला भाई, चेहरा दिसत नव्हता.

“हा कोण?”

आम्ही सांगितले.

त्यांनी पुढचे सगळे फोटो पाहिले, बेस कॅम्पचे, काला पत्थरचे. मग म्हणाले, “नंतर तो दिसत नाही.”

आम्ही सगळे सांगितले, थुक्लाच्या उतारापर्यंत. त्यांनी मधे काही विचारले नाही. शेवटी म्हणाले, “त्याचं नाव काय? गाव कुठलं? काही पाठवता आलं असतं.”

आम्ही त्याला भाई म्हणत होतो. एजन्सीला विचारले होते. तिथून उत्तर आले की असे हमाल लुकलाला ऐनवेळी घेतले जातात, त्यांची नोंद नसते.

अब्बा उठले. कोपऱ्यात आमची एक सॅक तशीच पडली होती, अजून रिकामी केली नव्हती. त्यांनी ती एका हाताने पट्ट्याला धरून उचलून पाहिली.

“चौदा-पंधरा किलो,” ते म्हणाले आणि खाली ठेवली.