किती वाजता डसला?

सोयाबीनची गंजी उलगडताना शेजारच्या मावशींना विंचू डसला. दुसरबीडच्या शिवारात सुगीच्या दिवसांत हे नवलाचं नाही. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे पोचलो, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मावशी, किती वाजता डसला?” मग, “उलटी झाली? घाम किती आला?” आणि मावशींची पावलं दोन्ही हातांत धरून ती गार पडलीत का, ते त्यांनी पाहिलं. पावलं ऊबदार होती. “नुसता ठणका आहे, हे चांगलं. तरी रात्री इथंच राहा.”

“जीव चाललाय अन् चांगलं म्हणतेत,” मावशी कळवळल्या.

ते प्रश्न मला ओळखीचे होते. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात गेले. लाल विंचवाच्या दंशानं तिथं धडधाकट माणसं आणि लेकरं फुप्फुसांत पाणी भरून दगावत होती. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, सगळं तासातासानं लिहीत राहिले. त्या नोंदींतून दिसलं की उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ खूण आहे. १९८२ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. विषामुळे शरीरात अॅड्रिनलीनसारख्या द्रव्यांचा लोट येतो आणि रक्तवाहिन्या आवळतात. त्यावर रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह तिचे परिणाम ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरांतले तीसएक जात. पुढं हे प्रमाण चारच्या खाली आलं.

संशोधकाची थोरवी हल्ली आकड्यांत सांगतात. लेख किती, आणि इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये संदर्भांची पहिली मोठी सूची काढली, ती एका लेखातून दुसरा कसा निघाला याचा माग काढता यावा म्हणून. २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स सुचवला: वीस लेखांचा प्रत्येकी किमान वीसदा संदर्भ आला, तर इंडेक्स वीस. ही मोजणी मला वाईट वाटत नाही. कुणाच्या खांद्यावर उभं राहून आपण पाहिलं, ते नाव लिहून कबूल करणं हा सज्जनपणाच आहे. पण बढतीसाठी लेखांची संख्या भरायची, एवढ्यासाठी कुणी लिहायला बसतो, तेव्हा त्या लेखात रुग्ण कुठं असतो, हा प्रश्न मला छळतो.

म्हणून बावस्करांच्या यादीतला २०११चा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला लेख मला सर्वांत मोठा वाटतो. ज्या गोळीनं त्यांचं नाव जगभर गेलं, तीच गोळी त्यांनी पुन्हा पारखायला घेतली. सत्तर रुग्ण, काहींना नुसतं प्राझोसिन, काहींना त्यासोबत विंचवाच्या विषावरची प्रतिलस. प्रतिलस मिळालेले लवकर बरे झाले, आणि तसंच त्यांनी छापलं. आपल्या हयातीच्या कामाला जोड लागते, हे स्वतःच तपासून सांगायला फार मोठं मन लागतं. तोवर साठीला टेकलेला हा माणूस अजून रुग्णाच्या उशाशीच होता. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. पण तो लेख वाचताना मला जास्त भरून आलं.

आमच्या डॉक्टरांनी मावशींची पावलं धरली, तो संदर्भ कुठल्याच सूचीत चढणार नाही. त्या क्षणी त्यांना बावस्करांचं नाव आठवलं असेल की नाही, कोण जाणे. त्यांचं लक्ष पावलांकडे होतं.

पहाटे ठणका उतरला. रात्रभर दर तासाला डॉक्टर येऊन नाडी बघून गेले होते. केसपेपर माझ्या हातात आला, तेव्हा पहिल्या ओळीत लिहिलेलं दिसलं: दंश, सायंकाळी ५.४०. खाली तासातासाचे आकडे होते.