विडीचा निषेध पोथीत कुठे आहे?

कराडपासून खाली वाळवा-पलूसपर्यंत कृष्णाकाठच्या गावांतून आमची कीर्तने वर्षानुवर्षे होत आली. अशाच एका गावी आरती झाल्यावर चाळिशीचे एक माळकरी पाया पडून म्हणाले, "बुवा, माळ घातली तवा मटण-दारू सुटली. बिडी तेवढी सुटंना. पोथीत बिडीला मनाई हाय का?"

आम्ही पाठशाळेत विधिनिषेध घोकलेले. हसून म्हणालो, "निषेधवाक्य काही आढळत नाही." मंडळीही हसली आणि त्या गृहस्थांनी समाधानाने विडी पेटविली.

ते उत्तर शब्दाने खरे होते. तरी ते देण्यात आमच्याकडून पाप घडले, असे आज वाटते.

वाचकहो, तमाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली, त्याला अजून पाचशे वर्षेही झाली नाहीत. जी वस्तू स्मृतिकारांनी पाहिलीच नाही, तिचा निषेध ते कसा करणार? त्यांचे मौन म्हणजे संमती नव्हे. निषेधाचा शब्द सापडेना, तर निषेधाचे कारण शोधावे. अहिंसा सांगितली ती जीवाला पीडा होऊ नये म्हणून. मग विडी जीवाला काय करते, एवढेच पाहायचे.

वैद्यकशास्त्र सांगते ते असे. धुरातील निकोटिन रक्तात उतरताच नाडी जलद चालते, रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो. म्हणजे हृदयाचे काम वाढले. त्याच धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने रक्ताला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवितो. म्हणजे शिधा घटला. चढावर बैलाचे ओझे वाढवावे आणि वैरण काढून घ्यावी, तशातली गत! शिवाय वाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, तेथे चरबीचे थर बसतात, रक्ताची गुठळी लवकर होते. ती हृदयाच्या वाहिनीत अडकली तर झटका, मेंदूच्या वाहिनीत अडकली तर पक्षाघात. विडी यात सिगारेटहून सौम्य नाही.

पुढे त्या माळकऱ्यांच्या पोटरीत चालताना कळ येऊ लागली. नीरास्नानानंतर माउलींच्या पालखीबरोबर लोणंद, तरडगाव, फलटण हा सातारा जिल्ह्यातला रस्ता त्यांनी दहा-बारा वाऱ्यांत तुडविलेला. आता शंभर पावलांवर थांबावे लागे. मग अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी बर्जरचा विकार सांगितला. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी वर्णिलेला हा रोग बहुधा पन्नाशीच्या आतल्या तमाखूवाल्यांनाच गाठतो. हातापायांच्या वाहिन्या बुजत जातात. तमाखू समूळ सोडणे हाच त्यावर खरा उपाय. त्यांच्या बाबतीत उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आम्ही भेटीस गेलो. ते म्हणाले, "बुवा, पोथीत नव्हतं, पर तुमी तरी सांगायचं हुतं." त्यावर आम्हांजवळ निरूपण नव्हते.

कोणी म्हणेल, ज्याचा देह त्याने झिजवावा, इतरांना काय? पण धूर माणसे निवडीत नाही. घरातली सून आणि मांडीवरचे नातवंड तोच धूर घेतात; न ओढणाऱ्याचे हृदयही त्याने बाधते.

दुसरा म्हणेल, आम्ही दिवसाला एकच ओढतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडातील संशोधनात दिसले, की रोज २० सिगारेटींनी हृदयरोगाचा जितका जादा धोका येतो, त्याच्या सुमारे निम्मा रोजच्या एकीनेच येतो. विसावा हिस्सा ओढावी आणि निम्मे फळ भोगावे, असा हा सौदा!

उलट, सोडणाऱ्याला देहही लवकर क्षमा करतो. वर्षभरात हा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो आणि पंधरा वर्षांत न ओढणाऱ्याच्या बरोबरीस पोहोचतो. म्हणून आता काय उपयोग, असे कोणी म्हणू नये.

असो. विचारणाऱ्याला वचन नको असते, आधार हवा असतो, हे कळायला आम्हांस एका माणसाचा पाय लागला. आता कोणी विचारले तर आम्ही सांगतो, "माउली, पोथीत नाही. पण आम्ही सांगतो, टाका ती."